बुडबुडा दिसला की पहिल्यापासून

तामलवाडीत हमरस्त्याला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरी भरून देणं हा माझा धंदा, पण पंचक्रोशीत माझा बोलबाला झाला तो बुडीमुळं. विहिरीतल्या पाइपाच्या बुडाशी एक झडप असते, तिला आम्ही फुटवाल म्हणतो. तिच्यात गाळ, शेवाळ नाहीतर एखादी प्लास्टिकची पिशवी अडकली की मोटर नुसती गुरगुरते, पाणी काही येत नाही. अख्खा पाइप वर ओढायचा तर सहा माणसं लागतात. त्यापेक्षा एकानं पाइप धरून तळाला जायचं, हातानं फुटवाल साफ करायचा आणि त्याच दमात वर यायचं. तो एक म्हणजे मी. तीन परस पाण्यात, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या पाण्यात, मी पावणेदोन मिनिटं श्वास धरून काम करायचो. लोक काठावर घड्याळ लावून बसायचे. वर आल्यावर मी धापा टाकत नसे. तोंड मिटून नाकानं सावकाश श्वास घ्यायचो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, हा गडी अजून राहिला असता. आतून छाती फुटायला आलेली असायची, पण तोरा सोडायचा नाही.

असला हा तोरेबाज माणूस यंदाच्या हिवाळ्यात एका सकाळी समुद्रातल्या होडीत दोन्ही हातांनी फळी आवळून बसला होता आणि भवानीआईला नारळ बोलत होता. एक नारळ बोलून झाला, मग पाच बोललो. होडी जरा जास्त कलली तेव्हा अकरा.

समोर माझी पोरगी बसली होती, पायात काळे रबरी बूट घालत. एकुलती एक. सोलापूरच्या कॉलेजात शिकत असताना ती सहलीला कोकणात गेली आणि तिथं तिनं लोकांना पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली जाताना बघितलं. स्कूबा म्हणतात त्याला. परीक्षा झाल्याबरोबर मला म्हणाली, "आप्पा, माणसांना खाली न्यायचं काम असतंय तिथं. तेच शिकवून घेतेत. मी जाणार." मी जा म्हणालो. तीन महिन्यांचं शिक्षण होतं, त्याला नऊ महिने लागले. मी फोनवर चिडवायचो, "काय गं, नापास झालीस की काय? हिरीवर तर पहिला नंबर व्हता तुझा." ती म्हणायची, "व्हय आप्पा, जरा येळ लागायलाय." त्यापुढं ती काही बोलायची नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. मला आपली गंमत वाटायची.

त्याला आता दोन वर्षं झाली होती. मग एका दुपारी पोरीच्या आईनं टीव्हीवर कुठल्याशा किनाऱ्यावर बोट उलटल्याची बातमी पाहिली आणि जेवण सोडलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताटात भाकरी आदळून म्हणाली, "पाण्याचं याड तुमीच लावलाव तिला. आता तुमीच जावा आन् घिऊन या."

मला राग आला, कारण ती खरं बोलत होती. आणि सांगायला लाज वाटते, पण मीही घाबरलेलो होतो. समुद्र मी कधी बघितला नव्हता. विहिरीचं कसं असतं, चार हात मारले की कुठं ना कुठं दगड हाताला लागतो. समुद्राला दगड कुठं असतो? पोरीनं मोबाइलवर पाठवलेले निळे फोटो मी तिच्या आईला दाखवायचो, पण स्वतः नीट बघायचो नाही.

सोलापूर, कोल्हापूर आणि मग घाट उतरून मी गेलो. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन. स्टँडवर पोरगी घ्यायला आली होती. काळीभोर झालेली, खांदे भरलेले. कॅन बघून ती पोट धरून हसली. "आप्पा, समुद्राला येताना पाणी आणलाव?" आता आमच्याकडं टँकर चौथ्या दिवशी येतो, पाणी बरोबर घेऊन निघायची सवय हाडात भिनलेली. पोरीला ते सांगायची गरज नव्हती, तिनंही तेच पाणी पुरवून प्यायलेलं होतं.

तिच्या खोलीवर पोचल्या पोचल्या मी विषय काढला. "आईनं तुला न्यायला धाडलंय."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "म्या येते, आप्पा. पण आदी तुमी एकदा माझ्यासंगं खाली चला. म्या रोज कुठं जाते ते डोळ्यांनी बगा. वर आल्यावर तुमी नुसतं 'चल' म्हणलाव, तर त्याच दिवशी पिशवी भरते. एक शब्द इचारायची न्हाय."

मी लगेच कबूल झालो. एक बुडी मारायची, वर यायचं आणि चल म्हणायचं. निकाल मी तामलवाडीतच लिहून आणला होता. तिची दोन वर्षांची कमाई माझ्या एका शब्दावर ठेवून ती मोकळी झाली होती, आणि मला मात्र सौदा स्वस्तात पडल्यासारखा वाटत होता.

इथं विहिरीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पोरगी आठ वर्षांची असताना मी तिला पोहायला शिकवलं. पाठीला रिकामा कॅन बांधून आठ दिवस, नंतर बिनकॅनचं. पोहणं आल्यावर बुडी. आमच्या विहिरीला लोखंडी पाइप होता. ती पाइप धरून खाली जायची आणि मी पायरीवर बसून मोठ्या पान्यानं त्या पाइपावर ठोके द्यायचो. लोखंडावरचा ठोका पाण्यात लांबवर ऐकू जातो. टण, टण, टण. तीस ठोके होईपर्यंत खाली राहायचं. तोवर वर यायचं नाही आणि श्वास सोडायचा नाही. मी पाण्याकडं डोळे लावून बसायचो. श्वास सुटला की वर बुडबुडे येतात, ते लपत नाहीत. बुडबुडा दिसला की पहिल्यापासून. ती वर यायची, ओठ निळे, डोळे लाल, आणि मी म्हणायचो, "बुडबुडा सोडलास. परत जा." एकदा सहा वेळा पाठवली. सातव्या वेळी तिनं तीसच्या तीस ठोके काढले, एक बुडबुडा नाही. मी तिला खांद्यावर घेऊन गावातून फिरवलं. माझा बापही माझ्याशी असाच वागला होता, आणि आमच्याकडं जीव लावायची रीत तरी दुसरी कुठली असते?

तर होडी. होडी चालवणारे तिथलेच एक वयस्कर मच्छीमार होते, तोंडात विडा, बोलणं बेताचं. माझी फळीवरची पकड बघून ते म्हणाले, "घाबरू नकात. तुमचा चेडू हुशार आसा." चेडू म्हणजे पोरगी, हे मला अंदाजानं कळलं. मी म्हणालो, "घाबरतोय कोण?" त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

किनारा दिसत होता, पण झाडं वेगळी ओळखू येत नव्हती एवढा लांब. पाण्यावर तरंगणाऱ्या एका लाल पिंपाला होडी बांधली. त्याच्याखाली बोट होती. फार वर्षांपूर्वी कौलं भरून निघालेली मालाची बोट खडकावर आपटली आणि तिथंच बसली. पाच परस पाणी. "लई उथळ हाय, आप्पा," पोरगी म्हणाली. पाच परस उथळ! आमच्या विहिरीला पाच परस पाणी लागलं असतं तर गावानं मिरवणूक काढली असती.

मग ती माझ्यासमोर गुडघ्यावर बसली. आदल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात तिनं मला सगळं शिकवलं होतं. नाक दाबून कान कसे मोकळे करायचे, तोंडातल्या नळीनं श्वास कसा घ्यायचा, हाताच्या खुणा, टाकीतली हवा दाखवणारा काटा. आता तिनं फक्त एकच गोष्ट परत सांगितली, आणि सांगताना तिचा आवाज बदलला.

"श्वास धरायचा न्हाय. कवाच न्हाय. घ्यायचा आन् सोडायचा, घ्यायचा आन् सोडायचा. खाली दाबून भरलेली हवा वर येताना फुगती. धरून ठिवली तर छाती आतनं फाटती. बाकी काय बी चुकलं तर म्या हाय. ह्ये चुकलं तर म्या बी काय करू शकत न्हाय. कळलं का, आप्पा?"

"कळलं," मी म्हणालो. आणि मनात म्हणालो, श्वासाचं मला शिकवतीस होय.

पाठीमागं कलंडून पाण्यात पडायचं होतं. मी डोळे मिटले आणि पडलो. त्यापुढची दहा मिनिटं मी कशाला भ्यालो नाही ते विचारा. काचेच्या चष्म्यातनं फक्त समोरचं दिसायचं, बाजूचं काही नाही, त्यामुळं बाजूला काहीतरी आहे असंच सारखं वाटायचं. स्वतःचा श्वास कानात घरघरत होता. कान दुखले. ओठाला खारट लागलं. पिंपापासून खाली गेलेला दोर पाच-सहा हातांवर हिरव्या पाण्यात नाहीसा होत होता, आणि त्या नाहीशा झालेल्या ठिकाणी आम्ही चाललो होतो. विहिरीत खाली गेलं की डोक्यावर उजेडाचं गोल झाकण दिसतं, ते बघितलं की वर कुठं आहे ते कळतं. इथं उजेड सगळीकडं सारखाच गढूळ. मी दोर असा आवळला होता की पोरीला माझी बोटं एक-एक करून सोडवावी लागली.

मग खालून बोट वर आली. आम्हीच खाली जात होतो, पण मला तसं वाटलं. आधी नुसता काळा डाग, मग त्याला कड आली, मग ती कड लांबच लांब होत गेली. आमच्या देवळाच्या सभामंडपाएवढं काहीतरी कुशीवर पडलेलं. बुडालेलं लोखंड मला नवीन नव्हतं, गंजलेले पाइप मी आयुष्यभर हाताळले. पण हे लोखंड माणसांना घेऊन बुडालेलं होतं, हे डोक्यातनं जाईना. पत्रा गळून नुसत्या फासळ्या उरल्या होत्या, त्यांवर धारदार शिंपल्यांचे थर. आणि मधोमध पोटात एक चौकोनी भोक, आत काळोख. त्या भोकातनं आता काय बाहेर येईल या विचारानं माझी पोटरी वळली.

बाहेर आले ते मासे. पिवळ्या पट्ट्याचे, हाताएवढे, शंभरेक. पोरगी त्यांच्यातनं गेली आणि त्यांनी नुसती वाट दिली, जशी गल्लीतली माणसं ओळखीच्याला देतात. तिनं मला हाताला धरून बोटीच्या बाजूला नेलं. तिथं कौलं होती. आपल्या घरावर असतात तीच, लाल, एकावर एक रचलेली, अजून थप्पी मोडली नव्हती. प्रत्येक फटीत कुणीतरी राहात होतं, खेकडं, बारीक मासा, मिशा हलवणारं काहीतरी. पोरगी चष्म्याआडनं माझ्याकडं बघत होती. तिचे डोळे हसत होते. माझ्या तोंडावर काय दिसतंय ते ती शोधत होती, आणि मला कळलं की ही थप्पी दाखवायलाच तिनं मला इथवर आणलं होतं. मी गोल खूण केली, सगळं ठीक. खोटी. मला फक्त वर जायचं होतं.

तेवढ्यात माझी नजर काट्यावर पडली. निघताना दोनशेवर होता, आता एकशेवीस. इतक्यात एवढी संपली? माझ्यातला टँकरवाल्या गावचा माणूस जागा झाला. आमच्याकडं कुठलीही गोष्ट संपायला आली की एकच अक्कल सुचते, पुरवून वापर. पाणी पुरवून, रॉकेल पुरवून, पीठ पुरवून. मी एक मोठा श्वास घेतला आणि धरला. दहा आकडे मोजून सोडला. परत घेतला, धरला, वीस मोजले. काटा थांबल्यासारखा वाटला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कानातली घरघर थांबली. सगळं शांत. भीतीसुद्धा ओसरली. मी माझ्या विहिरीत परत आलो होतो, आणि तिथं माझ्याइतका हुशार कुणी नव्हता. पोरीनं सांगितलेलं सगळं मला आठवत होतं, पण ते गिऱ्हाइकांसाठी असणार असं धरून मी चाललो होतो. तिसऱ्या वेळी छाती पूर्ण भरून घेतली आणि तीसवर मन लावलं.

ती पाठमोरी होती, कौलांच्या फटीत काहीतरी बघत होती. आणि कौलं खाली चालली होती. मला वाटलं, डोळ्यांना भास होतोय. मग बोटीची कड माझ्या गुडघ्याखाली गेली आणि कळलं की मीच वर चाललोय. भरलेल्या छातीनं मला फुग्यासारखं उचललं होतं. छाती ताणायला लागली. विहिरीत छाती ताणली की काय करायचं, हे माझ्या अंगाला पक्कं माहीत होतं. घसा आवळायचा. मी आवळला. माझं डोकं कुठंतरी लांबून ओरडत होतं, सोड, सोड. पण घसा माझं ऐकेना.

आणि खालून आवाज आला. टण, टण, टण.

पोरगी वळली होती आणि मला हाक मारायला हातातल्या लोखंडी दांड्यानं पाठीवरची टाकी बडवत होती. पाण्यातला लोखंडाचा ठोका. पन्नाशी उलटलेल्या माझ्या अंगानं तो ओळखला. ठोके चालू आहेत तोवर सोडायचा नाही. मी आणखी जोरानं आवळला. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो, कारण मी मरत होतो आणि मला थांबवणारा मीच होतो.

घोट्याला झटका बसला. तिनं मला खाली ओढलं, माझ्या अंगातल्या फुगवायच्या जॅकेटातली हवा सोडली, आणि पालथ्या मुठीनं माझ्या पोटात एक ठोसा मारला. घसा सुटला. डोळ्यांपुढं बुडबुडेच बुडबुडे. तिनं दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला, काच काचेला टेकवली. आता डोळे हसत नव्हते. तिचे डोळे असे मी आधी एकदाच पाहिले होते, विहिरीच्या पायरीवर, सहाव्या खेपेला. ती एका हाताची बोटं माझ्या तोंडापासून उघडून दाखवत होती, सोडा, सोडा. दुसरा हात माझ्या छातीवर होता. आम्ही वर किती वेळात आलो ठाऊक नाही. फार सावकाश आलो. सगळी वाट तिनं ती बोटं माझ्या तोंडासमोर उघडत ठेवली.

होडीत चढून मी आधी ओकलो. पोरीनं पाणी दिलं नाही, पाठ चोळली नाही. एक पांढरा टॉवेल माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "थुंका."

मी थुंकलो. तिनं टॉवेल उन्हात धरून बघितला.

"परत थुंका."

तीनदा थुंकायला लावलं. तीनही वेळा पांढरी थुंकी. मग ती होडीच्या तळाशी मटकन बसली आणि टॉवेल तोंडाला लावून रडायला लागली. मी म्हणालो, "अगं, काय झालं? म्या बरा हाय की." होडीवाल्यांनी विडा थुंकला आणि ते आमच्याकडं पाठ करून बसले.

"माझं लाल आलं व्हतं," ती म्हणाली.

मला कळेना.

"तिसऱ्या आठवड्यात. खालनं वर यायचं शिकवायलते. सगळ्यास्नी गोळा करायला सरांनी टाकी वाजवली. टण टण टण. आन् मला वाटलं, तुमी पायरीवर बसलाव. खरंच वाटलं, आप्पा. म्या दम धरला आन् मोजत वर आले. सत्रापातूर मोजलेलं याद हाय." तिनं नाक पुसलं. "थुंकीत रगत आलं. दवाखान्यात ठिवलं. मग सहा महिने पाण्याला शिवायचं न्हाय म्हणून सांगितलं डाक्टरनी. सहा महिने किनाऱ्यावर लोकांचे ओले कपडे धुतले म्या, टाक्या उचलल्या. मग डाक्टर हो म्हणल्यावर परत पहिल्यापासनं शिकले. घसा सैल सोडायला शिकले. तुमी फोनवर इचारायचाव, नापास झालीस का म्हणून."

"सांगितली का न्हाईस?" एवढंच माझ्या तोंडून आलं, आणि तेही दरडावल्यासारखं. दुसरा आवाज मला येतच नाही.

"काय सांगू? तुमी शिकवल्यालं मला लागलं म्हणून सांगू?"

समुद्र माझ्या पोरीला गिळेल म्हणून मी सव्वाशे कोस तडफडत आलो होतो. आणि ती गेली असती तर समुद्रानं गेली नसती. पायरीवर बसून, हातात पाना घेऊन, मोठ्या मायेनं, मी तिच्या गळ्यात ते मरण बांधलं होतं. मला हुडहुडी भरली. ऊन चांगलं चढलं होतं तरी दात वाजायला लागले. त्या चौकोनी भोकाला भ्यालो होतो ती भीती याच्यापुढं काहीच नव्हती. मला स्वतःच्या हातांकडं बघवेना.

किनारा जवळ आल्यावर तिनं डोळे धुतले. मग सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "आता सांगा, आप्पा. चल म्हणताव का? शब्द दिलाय म्या. म्हणलाव तर येते." हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते. ती शब्द पाळणार होती. तेही मीच शिकवलं होतं.

"उद्या सांगतो," मी म्हणालो. भेकडासारखा.

दुसऱ्या दिवशी तिला काम होतं. पुण्याचं नवरा-बायकोचं जोडपं खाली न्यायचं होतं. मी होडीत जाऊन बसलो. तिनं त्या दोघांसमोर गुडघ्यावर बसून तेच सांगितलं, त्याच आवाजात. श्वास धरायचा नाही. आणि सांगताना तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग तिघं कलंडले आणि गेले.

होडीत मी आणि ते मच्छीमार. मी कडेला ओणवून पाण्याकडं डोळे लावले. तीन ठिकाणी बुडबुडे येत होते. दोन ठिकाणी घाबरेघुबरे, भसाभसा. एका ठिकाणी शांत, ठरल्या वेळानं, एक झुबका, मग थोडं थांबून दुसरा. ते तिचे. मी आयुष्यभर ज्याच्यावर डोळा ठेवून तिला परत खाली ढकललं, तेच मी आता एकेक मोजत होतो. एक आला की पुढचा येईपर्यंत माझा जीव टांगणीला. पुढचा आला की जिवात जीव.

मग तिचे थांबले.

नंतर कळलं, त्यांतली बाई बोटीच्या पलीकडच्या बाजूला गेली होती आणि पोरगी तिच्यामागं गेली होती. बुडबुडे होडीच्या दुसऱ्या बाजूनं यायला लागले होते. पण मी इकडं बघत होतो, आणि इकडं पाणी सपाट होतं. ती काही सेकंदं मी जगलो नाही. कुणीतरी लाकडावर ठकठक करत होतं. बघतो तर माझंच बोट, फळीवर.

"पावणे," होडीवाले म्हणाले, "श्वास घेवा. आणि मागे बघा."

मी श्वास धरून बसलो होतो. किती वेळ धरला होता देव जाणे. बोट थांबवलं, तोंड उघडलं, सोडला. मागं वळलो. एक झुबका आला. थोडं थांबून दुसरा.

खिशातला फोन वाजला. किनारा समोर दिसत होता, म्हणून रेंज होती. घरून.

"निघालाव का?" पोरीची आई म्हणाली.

"सांच्याला निघतो," मी म्हणालो. "एकलाच."

ती हळू म्हणाली, "आन् पोरगी? पाण्यात काय झालं म्हंजे?"

रक्ताचं तिला सांगायचं होतं. ते फोनवर सांगायचं नव्हतं, घरी तिच्यासमोर बसून सांगायचं होतं, आणि त्याचीही मला भीती वाटत होती. मी पाण्याकडं बघत राहिलो.

"ती बुडबुडे सोडायलीय," मी म्हणालो. "म्या बघायलोय."